'मॅड'चा निरोप घेतोय – ढिगाचं काय करू आणि भाच्याला काय देऊ?

फुटपाथी_वाचक
नमस्कार मंडळी. 'मॅड' हे अमेरिकन विनोदी नियतकालिक मी कॉलेजपासून वाचतोय. मुखपृष्ठावर दात पडलेला, कशाचीच फिकीर नसलेला आल्फ्रेड ई. न्यूमन आणि किमतीशेजारी 'चीप' असं छापलेलं, तेच ते. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर नाहीतर फाउंटनला जुने अंक मिळायचे, घासाघीस करून आणायचो. 2019 पासून त्यांनी नवा मजकूर जवळपास थांबवला. मुखपृष्ठ नवं, आत बहुतेक जुनंच. तरी प्रेमापोटी चुलतभावाकडून मागवत राहिलो. पण शिळ्या कढीला ऊत किती वेळा आणायचा? यंदा त्याला सांगितलं, आता पुरे.

दोन सल्ले हवेत. घरातल्या अंकांचं काय करू? आणि भाचा आठवीत आहे, त्याला या जातीचं काय वाचायला देऊ? मराठी, इंग्रजी काहीही चालेल. तो मीम्स बघून खिदळतो, त्याला माझी ना नाही. पण थोडा खटाटोप केल्यावर कळणारा विनोदही त्याने चाखावा असं वाटतं.

शंकासुर
निरोप तुम्ही घेताय, मॅडने नाही घेतला. अजूनही निघतंय की. शिवाय तुम्हाला शिळं ते भाच्याला ताजंच. नवीन काही शोधण्यापेक्षा तुमचाच ढीग त्याच्यापुढे टाका.

फुटपाथी_वाचक
@शंकासुर, मुद्दा बरोबर, पण अर्धाच. मॉर्ट ड्रकरने सत्तरीतल्या हॉलिवूडपटांची केलेली टवाळी त्याला काय कळणार? मूळ सिनेमेच पाहिलेले नाहीत. 'स्पाय व्हर्सेस स्पाय' मात्र चालेल, त्यात शब्दच नाहीत. एक काळा हेर, एक पांढरा, आणि दोघांचा एकमेकांना उडवायचा धंदा. क्यूबातून पळून आलेल्या अँटोनिओ प्रोहियासने 1961 मध्ये ते सुरू केलं. सर्जिओ आरागोनेसची समासातली इवली चित्रंही चालतील, भिंग घेऊन बसेल.

ओलीची_भीती
अंक माळ्यावर टाकू नका आणि बाहेरच्या भिंतीला लागून तर मुळीच नको. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते आणि पानं एकमेकांना चिकटतात. लोखंडी कपाटात उभे ठेवा, पण फार घट्ट कोंबू नका. ऊन पडलं की दार उघडून वारा लागू द्या, थेट उन्हात मात्र नको. रद्दीवाल्याला दिलेत तर तो किलोवर नेईल, मग बसा हळहळत. विकायचेच असतील तर आधी 'फोल्ड-इन'ची पानं तपासा. न दुमडलेल्या अंकाला संग्राहक जास्त देतात.

फुटपाथी_वाचक
न दुमडलेला मॅड! माझ्याकडे आलेल्या बहुतेक अंकांवर आधीच्या मालकाची घडी पडलेली असायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शेवटच्या कव्हरच्या आतल्या बाजूला एक चित्र आणि वर एक प्रश्न. पान असं दुमडायचं की 'ए'चा बाण 'बी'ला भिडला पाहिजे. मधला भाग पोटात जातो, उरलेल्या दोन कडांचं भलतंच चित्र तयार होतं, खालच्या अक्षरांतूनही उत्तर जुळतं. बाकीची मासिकं गुळगुळीत रंगीत पानं बाहेर उलगडायची, म्हणून 1964 मध्ये अ‍ॅल जॅफीने स्वस्तातलं आत दुमडायचं पान काढलं. 2020 मध्ये निवृत्त होईपर्यंत तो ती करत होता. 2023 मध्ये गेला, 102 वर्षांचा होऊन.

दादरची_मावशी
अहो, मग 'आवाज'चा दिवाळी अंक का नाही देत? खिडकीचित्रं त्याच घराण्यातली. पानाला खिडकी कापलेली, आतलं तेवढंच बघून मनात नको ते येतं, पान उलटलं की काहीतरी साधंसुधं निघतं. पकडला जातो तो वाचक! फक्त आठवीतल्या मुलाच्या हातात द्यायच्या आधी एकदा चाळा, काही खिडक्या चावट असतात. त्याच्या आईचा फोन तुम्हालाच येईल. त्यापेक्षा आधी शि. द. फडणीसांची चित्रं दाखवा. त्यांतही शब्द नाहीत आणि आईचीही काही हरकत नसेल.

फुटपाथी_वाचक
मावशी, फडणीस पक्के. 'आवाज' मी स्वतःसाठी घेतो. अंक सगळे भाच्याकडे जातील, दुमडलेले आणि न दुमडलेलेही. दुमडायला बंदी नाही, असं बजावूनच देईन.

शंकासुर
ढिगात मॅडच्याच व्यंगचित्रकार डॉन मार्टिनची पेपरबॅकं असतील तर भाच्याच्या आधी माझा नंबर. दादर स्टेशनला येऊन घेऊन जातो, घासाघीस नाही.

फुटपाथी_वाचक
आहेत. देणार नाही.