ब्रेकवॉटर म्हणजे समुद्रात फेकलेला पैसा?

दिंडोरीरोड
दोन दिवसांपासून नाशिकच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय. मरीन ड्राइव्हच्या चौपायी ठोकळ्यांचा फोटो आणि खाली मजकूर: "हे बघा ब्रेकवॉटर. ठोकळे कसेही ओतलेत. सरळ काँक्रीटची भिंत घातली असती तर निम्म्या पैशात काम झालं असतं. आता डहाणूजवळच्या वाढवण बंदराला हेच दहा किलोमीटर करणार." वाचून राहवेना. नोकरी सगळी धरणांच्या कामावर गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे फोटोतलं ते ब्रेकवॉटर नाहीच. ती किनाऱ्याची भिंत आणि तिच्या पायथ्याचं संरक्षण. ब्रेकवॉटर म्हणजे लाटा अडवणारा बांध, तो समुद्रात पुढे काढतात, मागे जहाजांना शांत पाणी मिळावं म्हणून. धक्क्याला लागलेलं जहाज डुलत राहिलं तर दोर तुटतात, क्रेनला कंटेनर उचलता येत नाही. न्हावा शेवाला त्याची गरज पडली नाही, कारण तिथे मुंबई बेटाचाच आडोसा आहे. वाढवण उघड्या समुद्रावर, म्हणून तिथे 10.14 किमी.

दुसरं, "कसेही ओतलेत". आत खाणीतल्या लहानमोठ्या दगडांचा गाभा असतो. तो धुऊन जाऊ नये म्हणून वर मध्यम दगडांचा थर, आणि सगळ्यात बाहेर आर्मर, म्हणजे कवच: मोठे दगड किंवा टेट्रापॉड, म्हणजे काँक्रीटचे चौपायी ठोकळे. आर्मरचा एकेक नग क्रेनने ठरलेल्या जागी बसवतात. लाट उतारावर चढते, फुटते, पाणी फटींत घुसतं आणि तिथेच तिचा जोर मरतो. त्या पोकळ्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. उभी भिंत लाट परत फेकते. येणारी आणि परतणारी लाट एक होऊन भिंतीसमोर पाणी जवळपास दुप्पट उसळतं, पायथ्याची वाळू उकरली जाते. जपानमध्ये, इटलीत उभ्या भिंतीही आहेत, पण त्या सरसकट कुठेही चालत नाहीत.

आणि वजनाचा हिशेब बघा. दगड तोच, उतार तोच, फक्त लाटेची उंची दुप्पट झाली तर दगड आठपट वजनाचा लागतो. तेवढा दगड खाणीतून अखंड निघत नाही, म्हणून 1950 साली फ्रान्समध्ये टेट्रापॉड आला. गंगापूर धरणावर जाऊन पाण्याकडचं दगडी पिचिंग बघा. मातीचं धरण तलावातल्या लाटांनी खाल्लं जाऊ नये म्हणूनच ते आहे.

गोदाकाठ
ती पोस्ट माझी आहे. फोटो चुकला म्हणून मुद्दा चुकत नाही. तुमचं गणित इतकं पक्कं, तर केरळच्या विझिंजम बंदरात 2017 च्या ओखी वादळात अर्धवट झालेल्या ब्रेकवॉटरचा भाग वाहून कसा गेला? पोर्तुगालच्या सिनेसला 1978 मध्ये 42-42 टनांचे डोलोस, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, एका वादळात मोडले. तेही क्रेननेच बसवले होते ना? वाढवणचा खर्च 76,220 कोटी. शंका घ्यायची नाही का?

दिंडोरीरोड
शंका जरूर घ्या, पण अर्धी गोष्ट सांगू नका. काम चालू असताना गाभा उघडा असतो, वरचं कवच चढलेलं नसतं. तेव्हा वादळ आलं तर माल जाणारच. तेच विझिंजम पूर्ण झालं, 2 मे 2025 ला लोकार्पण झालं, मोठी कंटेनर जहाजं तिथे लागतात. सिनेसला खोल पाण्यात बिनसळईचे मोठे सडपातळ ठोकळे वापरले, ते एकमेकांवर हलले आणि मोडले. तिथून पुढे जगभर ठोकळ्याच्या मजबुतीचा वेगळा विचार सुरू झाला. आपल्याकडे खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेत लाटांच्या टाकीत मॉडेल घालून आधी तपासतात.

माहेर_डहाणू
दादा, दगडाचं सगळं सांगितलंत, वाळूचं एक अक्षर नाही. किनाऱ्यालगत वाळू सतत सरकत असते. तिला आडवं काही घातलं की एका बाजूला साठते, दुसऱ्या बाजूला किनारा उपाशी. चेन्नईला बंदर झालं, दक्षिणेला मरीना बीच रुंद झाला आणि उत्तरेला रॉयापुरमकडची जमीन समुद्राने गिळली. पुद्दुचेरीचा बीच 1980 च्या दशकातल्या बंदरानंतर गेला. म्हणजे शांत पाणी एकाला आणि घर दुसऱ्याचं.

माझं सासर पंचवटीत, पण वडील आणि भाऊ अजून समुद्रात डोल जाळी लावतात. पावसाळ्याच्या तोंडावर बोट परत येताना खाडीच्या मुखाशी लाटा फुटतात, तिथे थांबावं लागतं. भाऊ नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभा राहून मागची लाट बघतो, ती गेली की वडील इंजिन सोडतात. आई किनाऱ्यावर उभी. आम्हालाही आडोसा हवाय हो, पण आमच्या बोटींपुरता. आमची जाळी लावायची जागाच समुद्र बुजवायच्या भरावात घेणारा आडोसा नको.

पिंपळगावकर
ताई, तुमचं दुःख मान्य. पण आमचंही ऐका. द्राक्षाचा रीफर, म्हणजे थंड ठेवणारा, कंटेनर न्हावा शेवाच्या रांगेत अडकला की माल युरोपात पोचेपर्यंत देठ वाळतो आणि भाव पडतो. मागच्या हंगामात आमचा एक कंटेनर असाच मार खाऊन गेला, एजंटने हात वर केले. वाढवण नाशिकला रस्त्याने जोडलं तर आम्हाला दुसरा दरवाजा मिळेल. जहाज पावसाळ्यातही लागायला हवं, मग ब्रेकवॉटर लागणारच.

लासलगाव_मार्केट
कसला दरवाजा? 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातबंदी आली तेव्हा बंदर काय कामाचं होतं? मे 2024 मध्ये उठवली, तर 40 टक्के शुल्क आणि टनाला 550 डॉलरची किमान किंमत. शुल्क पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडला. चाळीत कांदा सडत होता आमचा. आधी धोरण स्थिर करा, मग दहा किलोमीटर दगड टाका.

पिंपळगावकर
धोरणाचा राग बंदरावर का काढता? द्राक्षाला बंदी नव्हती.

लासलगाव_मार्केट
बागायतदारांना कांदेवाल्याचं कधी पडलंय! लिलाव बंद पडले तेव्हा तुमच्यातलं कोण आलं होतं?

पिंपळगावकर
मी आलो होतो. चांदवडच्या रस्त्यावर बसलो होतो. माहीत नसताना बोलू नका.

लासलगाव_मार्केट
आला असाल तर तेवढं मानतो. पण निर्यातदार आणि शेतकरी एक नाहीत, हे मी शेवटपर्यंत म्हणणार.

सारूळ_डोंगर
सगळे समुद्राचं बोलताय. एवढा दगड कुठून येणार, कुणी विचारलं? आमच्याकडचे डोंगर खाणींनी आधीच पोखरलेत, सुरुंग उडाला की घराच्या भिंती हादरतात. गाभ्याचा माल डोंगरातूनच निघतो ना?

दिंडोरीरोड
डोंगरातूनच निघतो, आणि तो प्रश्न रास्त आहे. कांद्यासाठी कृपया वेगळा धागा काढा.

ताई, वाळूचं तुमचं खरं आहे, पण त्यावर उपाय असतो. विशाखापट्टणमला 1930 च्या दशकात दोन जुनी जहाजं बुडवून आडोसा केला. तिथे साठलेली वाळू उपसून उत्तरेच्या किनाऱ्यावर टाकतात.

माहेर_डहाणू
टाकतात, आणि तरी तिथल्या आर.के. बीचची धूप दर काही वर्षांनी बातम्यांत असते. उपसा थांबला की किनारा परत जातो. म्हणजे बंदर आहे तोवर हा खर्च आहे. तो 76,220 कोटींत धरलाय का, किती वर्षांसाठी धरलाय, एवढं सांगा.

गोदाकाठ
हाच माझा प्रश्न होता. भिंतीचं तुम्ही सांगितलंत, ते घेतलं. पण देखभालीचं काय?

दिंडोरीरोड
देखभाल हवीच. वादळानंतर ठोकळे सरकतात, ते पुन्हा बसवावे लागतात. आणि किनाऱ्याची मापं काम सुरू व्हायच्या आधीपासून घ्यायला हवीत, नंतर घेऊन तुलना कशाशी करणार?

माहेर_डहाणू
मग ती मापं दर पावसाळ्यानंतर आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, मराठीत. तोवर माझा विरोध कायम.