२००३ ची झेन: सॉकेट सोळा पिनांचं, पण डोंगल जुळत नाही. गाडीत कुठलं ओबीडी (बिघाड सांगणारी यंत्रणा) आहे ते कसं ओळखायचं?

मांद्र्याचा पेटीवाला

नमस्कार मंडळी. वडिलांची मारुती झेन, २००३ ची, पेट्रोल, जीए-०१ पासिंग. बाबा गेले, गाडी राहिली. मागच्या सीटवर पेटी आणि तबला-डग्गा, पुढे आमचा झांजवाला, एवढं भजनाला जाताना अजून आरामात बसतं. त्यामुळे विकायचा सल्ला कृपया नको.

पावसाळा सुरू झाल्यापासून चेक इंजिनचा पिवळा दिवा छळतोय. बेळगावला जाताना चोर्ल्याच्या चढावर हमखास लागतो, परतताना साखळी येईपर्यंत आपोआप जातो. पेट्रोलही जास्त पितेय. म्हापशात एका गॅरेजात दाखवली. त्यांनी दिवा पाहिला, बॉनेटसुद्धा उघडलं नाही आणि म्हणाले, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला. जो आकडा सांगितला त्यात थोडी भर घातली तर दुसरी झेन येईल.

म्हणून गाडीतला बिघाड मोबाईलवर दाखवणारा काडेपेटीएवढा ब्लूटूथ डोंगल ऑनलाइन मागवला, ईएलएम ३२७ म्हणतात तो. स्टीअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट आहे, त्यात बरोबर बसतो, लाल दिवाही लागतो. पण मोबाईलवर दर वेळी तेच, गाडीशी संपर्क होत नाही. डोंगल फुकट गेला, की गाडीचं ओबीडीच वेगळं?

वास्को_८००

१९९६ नंतरच्या सगळ्या गाड्या ओबीडी-२ असतात. तुमची २००३ ची म्हणजे असणारच. डोंगल बदलून बघा.

डिचोलीचा पाना

वास्कोबाब, ते १९९६ अमेरिकेचं. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून लागलं. आपल्याकडे बीएस-४ (गाड्यांच्या धुराचे नियम) आलं १ एप्रिल २०१० ला, तेही आधी तेरा शहरांत. त्या गाड्यांना ओबीडी-१ आणि १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२. म्हणजे २००३ साली कंपनीवर कायद्याची कसलीच सक्ती नव्हती. जे बसवलं ते स्वतःच्या सोयीने. सॉकेट त्या आकाराचं मिळत होतं म्हणून तेच लावलं, आत भाषा घरची.

पेटीवाले भाई, तुमचा लाल दिवा फक्त एवढंच सांगतो की १६ नंबरला बॅटरी आहे आणि ४ किंवा ५ ला अर्थिंग आहे. चावी काढली तरी तो लागेल, करून बघा. पुढचं ओळखायचं ते बाकीच्या पिनांवरून. टॉर्च घेऊन खाली वाका. सॉकेटची रुंद बाजू वर धरली तर वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८, खालच्या ओळीत ९ ते १६. सॉकेट उलटं बसवलेलं असेल तर मोजताना फसाल, तेवढं सांभाळा. कुठल्या खाचांत धातूची पट्टी दिसते आणि कुठल्या नुसत्याच भोकं आहेत, ते लिहून काढा.

६ आणि १४ दोन्ही भरलेल्या असतील तर कॅन नावाची भाषा. खात्री हवी असेल तर बॅटरीची वायर काढून त्या दोघींमध्ये मल्टिमीटर लावायचा, ६० ओहमच्या आसपास आलं पाहिजे. झेनमध्ये हे मिळणार नाही, पण इथे दुसरे कोणी वाचत असतील त्यांच्यासाठी लिहिलं. ७ भरलेली असेल तर के-लाइन नावाची भाषा, मग डोंगलला थोडी आशा आहे. २ नंबर जुन्या अमेरिकन फोर्ड-जीएमचा, तो आपण विसरायचा.

आणि आरसीवर पासिंगची तारीख बघू नका, उत्पादनाचा महिना बघा. शोरूमला सहा महिने उभी राहिलेली गाडी कागदावर तरुण दिसते.

अंत्रुजकार

थोडं अवांतर. माझ्या २००१ च्या होंडा सिटीला मी आजवर स्कॅनर लावलेला नाही. डाव्या बाजूला ग्लोव्हबॉक्सखाली दोन तारांचं एक छोटं कपलर लोंबतं. त्या दोन टोकांत कागदाची पिन घालायची, चावी ऑन करायची आणि दिव्याच्या उघडझापा मोजायच्या. लांब म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. गेल्या चवथीच्या आदल्या दिवशी, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायचं सामान आणायला निघालो तर गाडी धापा टाकायला लागली. सहा आखूड झपके मोजले, म्हणजे कूलंटचा टेम्परेचर सेन्सर. संध्याकाळी सेन्सर बदलून मोकळा झालो.

जुन्या सुझुकींतही अशी उघडझापीची सोय असते ना? १२ आला की सगळं ठीक, असं ऐकून आहे.

डिचोलीचा पाना

असते. १२ म्हणजे निरोगी, १३ ऑक्सिजन सेन्सर, १४ कूलंट सेन्सर. पण कुठली दोन टोकं जोडायची ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय तार घालू नका. सॉकेटच्या १६ नंबरला कायम करंट असतो, चुकून तिथे लागली तर फ्यूज जाईल, किंवा फ्यूजपेक्षा महाग काहीतरी.

मांद्र्याचा पेटीवाला

काल दुपारी मोजल्या. डोकं क्लचच्या पेडलपाशी, पाय अंगणात. शेजारीण कुंपणावरून विचारून गेली, बरं वाटत नाही का म्हणून.

४, ५, ९ आणि १६. बस्स, एवढ्यांतच पट्टी आहे. ७ नुसतं भोक, ६ आणि १४ सुद्धा. चावी ऑन करून ९ आणि ५ मध्ये मीटर लावला, पाच व्होल्टच्या जरा खाली दाखवतो. आरसीवर उत्पादन फेब्रुवारी २००३.

डिचोलीचा पाना

मग झालं. ९ वर पाच व्होल्ट म्हणजे सुझुकीची स्वतःची एसडीएल लाइन. ईएलएम ३२७ ज्या भाषा बोलतो त्यांत ही नाहीच. दहा डोंगल बदललेत तरी ते मुकेच राहतील. तुमचा डोंगल चांगला आहे आणि ईसीएम गेला असंही यातून काही ठरत नाही.

ज्याच्याकडे जुना मल्टिब्रँड स्कॅनर आहे असा मेस्त शोधा. यादीत झेन निवडल्यावर ईसीएम १६ बिट की ३२ बिट असं विचारणारा हवा. तुमची बहुधा १६ बिटवाली निघेल. नव्या चकचकीत टॅबवाल्यांकडे हे मेनू कधीकधी नसतात.

मांद्र्याचा पेटीवाला

उशिरा लिहितोय, मध्ये सप्ताह होता.

असा मेस्त तुमच्याच डिचोलीत मिळाला. त्याचा स्कॅनर जुन्या कॅसेट प्लेयरएवढा, पडद्यावर दोनच ओळी, आणि वायर जोडण्याआधी त्याने सॉकेटमध्ये फुंकर मारली. १६ बिट निवडलं आणि पहिल्याच खेपेला गाडी बोलायला लागली. ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल नाही. जॅकवर घेतली तर सेन्सरच्या कपलरच्या अलीकडे उंदराने तारेचं वरचं कव्हर खाल्लेलं आणि आतलं तांबं पार हिरवं. पावसाचं पाणी त्यातच जात होतं. खराब तुकडा कापून नवी तार जोडली. हे हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या तारांच्या बाजूला होतं म्हणून झाळ मारली, सेन्सरच्या बाजूला असतं तर मारली नसती म्हणाला, कारण सेन्सर त्या तारांतूनच हवा घेतो. साडेतीनशे रुपये आणि चहा.

परवा बेळगावला जाऊन आलो, चोर्ल्याला दिवा लागला नाही. डोंगल भाच्याच्या २०१८ च्या गाडीत लावला, लगेच जुळला. उंदराचं काय करायचं ते मात्र कोणी सांगा. गाडी माडाखाली असते, तो तिथेच राहतो.

अंत्रुजकार

आमच्याकडे तंबाखूची पुरचुंडी बॉनेटमध्ये ठेवतात. उंदीर जात नाही, पण ड्रायव्हर दर दोन दिवसांनी ती काढून खातो.