खडा पडला, श्रेय गोळीला

वाटसरू:
परवा इथे एकाने मूतखड्याबद्दल लिहिलं, "टॅमसुलोसिन (मूत्रवाहिनी सैल करणारी गोळी) घ्या, खडा हमखास पडतो. माझा ४ मिमीचा तिसऱ्या दिवशी पडला." खाली टाळ्यांचा पाऊस! अहो, ४ मिमीचा खडा बहुतेकदा आपणहूनच पडतो. कोंबडं आरवलं म्हणून उजाडलं, असं झालं हे. ब्रिटनमध्ये ११०० हून जास्त रुग्णांवर 'सस्पेंड' चाचणी झाली, २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. एका गटाला टॅमसुलोसिन, दुसऱ्याला निफेडिपिन (रक्तदाबाचं औषध), तिसऱ्याला औषध नसलेली गोळी. चार आठवड्यांत पुढचा उपचार लागला नाही असे रुग्ण तिन्ही गटांत ८० टक्क्यांच्या आसपास. मग गोळीने केलं काय? मला तर तिने भोवळ आणली. रात्री उठलो आणि बाथरूमच्या दारावर कपाळ आपटलं. तीन टाके पडले. खडा जागचा हलला नाही.

खडाजंगी:
आले सस्पेंडवाले. त्यातले बहुसंख्य खडे ५ मिमी किंवा त्याहून लहान होते, हे सांगायचं सोयीस्कर राहिलं का? जे पडणारच होते त्यांच्यावर गोळीची परीक्षा कसली घेता? चीनमधली २०१८ ची चाचणी बघा. ३२९६ रुग्ण, खडा मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला, ४ ते ७ मिमी. टॅमसुलोसिनवर ८६ टक्के पडले, औषध नसलेल्या गोळीवर ७९. फायदा दिसला तो ५ मिमीच्या वरच्यांना. माझा ७ मिमीचा, अगदी मूत्राशयाच्या तोंडाशी अडकलेला, अकराव्या दिवशी पडला.

वाटसरू:
गोळी नसती तर बाराव्या दिवशी पडला असता. अमेरिकेतली २०१८ चीच चाचणी: ५१२ रुग्ण, ९ मिमीपेक्षा लहान खडे, टॅमसुलोसिनवर ५० टक्के पडले, औषध नसलेल्या गोळीवर ४७. बोला.

निशाचर:
तुम्ही टॅमसुलोसिनवर अडलात. मला त्याच जातीचं सिलोडोसिन ८ मिग्रॅ दिलं. वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाऊ शकतं, हे लिहून देणाऱ्याने एका शब्दाने सांगितलं नाही. तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. गोळी बंद केल्यावर सगळं पूर्ववत. बरं, ते जाऊ द्या. कळा येत असताना पाच लिटर पाणी प्यायला लावतात, त्याचं काय?

अबोली:
हो ना! "पाणी पी, ढकललं जाईल." वाट बंद आहे आणि मागून लोंढा सोडायचा! दाब वाढतो, कळ वाढते. मी पाणी पीत होते आणि ओकत होते. शेवटी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या इंजेक्शनने माणसात आले.

खडाजंगी:
म्हणजे पाणी प्यायचंच नाही? धन्य आहे. इटलीतली १९९६ ची चाचणी आहे: १९९ रुग्ण, पाच वर्षं. भरपूर पाणी पिणाऱ्यांत खडा परत झाला १२ टक्क्यांना, बाकीच्यांत २७.

अबोली:
ते *परत होऊ नये* म्हणून! अडकलेला पाडायला नव्हे. नीट वाचा की दादा. आणि तिथेही मोजायची ती लघवी, दिवसाला अडीच लिटर, तांब्ये नव्हेत.

खडाजंगी:
ताई, तुमच्या कळांवरून नियम ठरत नाहीत.

अबोली:
आणि तुमच्या अकराव्या दिवसावरून ठरतात?

वाटसरू:
(या वाक्यासाठी ताईंना माझ्याकडून टाळ्या.)

भ्रमर:
भांडा खुशाल, पण एक ऐका. माझा भाऊ "गोळी चालू आहे, पडेल" म्हणत बसला. थंडी वाजून ताप आला तरी बसला. अडकलेला खडा आणि वर जंतुसंसर्ग. मध्यरात्री स्टेंट (मूत्रवाहिनीत घालायची नळी) टाकावा लागला, दोन दिवस अतिदक्षता विभागात. ताप आला की टॅमसुलोसिन की सिलोडोसिन हा प्रश्नच उरत नाही.

वाटसरू:
हे मान्य. आणि खडाजंगी, तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून लिहितो: खालच्या टोकाचा, ५ ते १० मिमीचा, ताप नाही, किडनी ठीक, तर चार आठवडे गोळी घेऊन बघायला हरकत नाही. ४ मिमीवाल्याने मात्र छाती फुगवू नये.

खडाजंगी:
केवढे उपकार! कपाळाचे टाके निघाले का?

निशाचर:
पाच लिटरचं काय ते ठरलं का? माझी तिसरी बाटली चालू आहे.