मदत हवी आहे: कॉस्टिकच्या जुन्या टाकीला हीटिंग कसं द्यावं?

५० टक्के कॉस्टिक लायची (सोडियम हायड्रॉक्साइडचं पाण्यातलं द्रावण) एमएसची (माइल्ड स्टील) उभी टाकी आहे, आतून कोटिंग नाही आणि हीटिंगची सोयही नाही. ही लाय साधारण १२ अंशालाच गोठायला लागते, त्यामुळे थंडीत आऊटलेट आणि पंपाची सक्शन लाईन जाम होते आणि अख्खी लाईन अडकून पडते. मला फक्त २५-३० अंश टिकवायचेत, जास्त नको. वेंडर म्हणतोय बाहेरून लिम्पेट कॉइल (अर्ध्या पाइपचं वेटोळं) वेल्ड करून स्टीम सोडा, पण मला ते अजिबात पटत नाहीये कारण स्टीमने शेल (टाकीची भिंत) जागोजागी ५० अंशाच्या वर जाणार आणि स्ट्रेस रिलीव्ह न केलेल्या (उष्णता देऊन आतला ताण न काढलेल्या) वेल्डजवळ कॉस्टिक क्रॅकिंगची (कॉस्टिकमुळे पोलादाला तडे जाण्याची) भीती आहे, शिवाय वेल्डिंगसाठी टाकी पूर्ण रिकामी करून धुवावी लागेल ते वेगळंच. त्यापेक्षा बाहेरून बांधायच्या प्लेट कॉइल (आत पाणी फिरणारे पत्र्याचे पॅनेल), मध्ये हीट ट्रान्सफर पेस्ट, गरम पाणी आणि वरून रॉकवूलचं इन्सुलेशन असं केलं तर जमेल का? की खालच्या भागात इलेक्ट्रिक ट्रेसिंग (बाहेरून हीटिंग केबल) बरं? लेव्हल खाली गेल्यावर हीटिंग बंद व्हायला इंटरलॉक कसा लावलात तेही सांगा. आणि क्लॅडिंगला (इन्सुलेशनवरच्या पत्र्याला) ॲल्युमिनियम नको ना, गळतीत कॉस्टिक ते खाऊन टाकतं आणि हायड्रोजन सुटतो. कुणी चालू टाकीवर हे काम केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.