'संयोजी ऊती' आजीला कसं सांगायचं?

मास्तर_यवतमाळ
२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी शाळेच्या भिंतीवर लावायला एक पान लिहून राहिलो, लिन साकाई या बाईंच्या संशोधनावर. अमेरिकेत पोर्टलंडला अनेक वर्षं त्यांनी हेच काम केलं. १९८६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी फायब्रिलिन नावाचं प्रथिन दाखवलं, पेशीच्या बाहेर जे बारीक धागे असतात त्यातलं. १९९१ मध्ये कळलं का याच प्रथिनाचा जनुक बिघडला का मार्फन सिंड्रोम हा जन्मजात आजार होते. इथवर जमलं. अडलं ते कनेक्टिव्ह टिश्यूवर, म्हणजे शरीराले बांधून धरणारा जो भाग असते त्याच्या नावावर. पुस्तकातलं 'संयोजी ऊती' लिहिलं तर एका पोराची आजी, तिले वाचता येते, थांबून म्हणे, "गुरुजी, ऊत तं दुधाले येते, हे ऊती काय होय?" दुसरा शब्द हाय का कोणाकडे?

शब्दवेडा
ऊती बदलू नका सर. संस्कृतात ऊति म्हणजे विणणं, आणि टिश्यूसुद्धा फ्रेंचमधून 'विणलेलं' याच अर्थाने आलाय. इतका चपखल शब्द रोज मिळत नाही. फक्त 'ऊतक' लिहू नका, ते हिंदीचं.

तिफण
चपखल असेल, पण कळला कोणाले? पोरं पुढं डॉक्टरकीच्या NEET परीक्षेले कनेक्टिव्ह टिश्यूच वाचतात, सरळ तेच लिहा.

शब्दवेडा
मग पेशीलाही सेल लिहा, आजी म्हणेल टॉर्चमधला का.

पांढरी_माती
पेशीचं नाव काढलं म्हणून. हिंदीत पेशी म्हणजे मसल आणि सेलले कोशिका. आपल्याकडं पेशी म्हणजे सेल आणि मसलले स्नायू. आयुर्वेदात तर स्नायू म्हणजे हाडं बांधणारे दोर, म्हणजे हीच तुमची संयोजी ऊती! मी बारावी हिंदीतून केली नागपुरात अन् डी.एड. मराठीतून, दोन वर्षं उलटंपालटं शिकवलं असं आज वाटते.

शब्दवेडा
मराठीत स्नायूचा अर्थ सरकला तो सरकला, आता तो मागे ओढता येणार नाही.

पांढरी_माती
वर ऊतीसाठी संस्कृत काढलं तुम्हीच, आता स्नायूच्या वेळी वापर मोठा झाला?

नर्सताई_वाशिम
मास्तर, तुमचा प्रश्न मले जवळचा हाय. माझ्या बहिणीचा मुलगा उंच, हातापायाची बोटं लांबलांब, डोळ्यातलं भिंग सरकलेलं. मार्फन निघाला. कागदावर सगळं इंग्रजी. घरचे म्हणत "नसा ढिल्या हायेत, दूधतूप द्या". बहीण तर वर्षभर स्वतःलेच दोष देत होती का माझ्याच खाऊ घालण्यात कमी पडलं. मी तिले सांगितलं का बाई, शरीराले तोलून धरणारा जो धागा असते तोच जन्मापासून कच्चा हाय, हृदयातून निघणारी मोठी धमनी त्याच्यानंच फुगते, म्हणून दरवर्षी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा. धागा म्हटल्यावर तिले पटलं. ऊती म्हटलं असतं तर नसतं पटलं. भिंतीवर काहीही लिहा पण 'धागा' शब्द येऊ द्या.

तिफण
ताई, धाग्यापेक्षा 'वाख' म्हणा! अंबाडी नाल्यात कुजवत, वास असा सुटे का गावभर कळे, मग साल सोलली का आत पांढरा वाख. आजोबा मांडीवर पीळ देऊन त्याचं दावं करत. फायब्रिलिन म्हणजे वाखच.

पांढरी_माती
पीळ म्हटल्यावर आठवलं, कोलॅजनचा, म्हणजे कातडं-हाडातल्या धाग्यांच्या प्रथिनाचा, तीन पदरी पीळ १९५४ मध्ये मद्रासला रामचंद्रन आणि कार्था यांनी मांडला, कांगारूच्या शेपटीतला धागा घेऊन. दावं पण तीन पदरी. आणि कोलॅजनमधला 'कोला' म्हणजे ग्रीकमध्ये सरस. आमच्या गावचे सुतारकाका सरसाची वडी रात्रभर पाण्यात भिजवत, सकाळी डब्यात गरम करत. कातडं-हाडं उकळून होते तो, म्हणजे कोलॅजनच ना.

शब्दवेडा
'संयोजी' शब्दावरच माझी हरकत आहे. रक्त आणि हाड दोन्ही यातच मोजतात. रक्त काय जोडतं?

मास्तर_यवतमाळ
सध्या 'शरीराला बांधून ठेवणारी ऊती, म्हणजे विणलेला भाग' असं लिहितो. पण ताई, 'धागा' लिहिला तर पोरं टिश्यू आणि त्यातलं प्रथिन एकच समजतील. दोन्हीले वेगळे शब्द पाहिजेत नं?

तिफण
वाख हा वल्कावरून आला असावा, वल्कल म्हणतो तोच.

नर्सताई_वाशिम
आमच्याकडं पळसाच्या मुळ्या ठेचून काढतात त्यालेही वाकच म्हणतात, ख नाही. अंबाडीच्या धाग्याले वेगळं नाव हाय का कोणाकडं?