आई-बाबांसाठी कॅरिबियन क्रूझ: सोय बघायची की बेटं?

शुभदा_शार्लट

भारतातून आलेल्या आईवडिलांना अमेरिकेत कुठे फिरवावं, हा विषय मागे निघाला होता. तेव्हा दोघातिघांनी क्रूझला "तरंगता मॉल" म्हटलं आणि पैसे वाया घालवू नका असा सल्ला दिला. मला तो अजिबात पटलेला नाही, म्हणून आमचा अनुभव सविस्तर लिहिते.

फेब्रुवारीत आम्ही मायामीहून सात रात्रींची वेस्टर्न कॅरिबियन क्रूझ केली. होंडुरासचं रोआतान, मेक्सिकोचं कोझुमेल आणि ग्रँड केमन. बाबा 76 वर्षांचे, आई 71. आईचे दोन्ही गुडघे दुखतात. आदल्या वर्षी आम्ही त्यांना गाडीने नायगाराला नेलं होतं. रोज नवं हॉटेल, रोज बॅगा भरा, दर दोन तासांनी बाथरूम शोधा. परत आल्यावर आई चार दिवस झोपून होती. जहाजावर बॅग एकदाच उघडली. दुपारी वाटलं की खोलीत येऊन पाय वर करून पडायची आणि संध्याकाळी पुन्हा ताजीतवानी. लग्नाला 48 वर्षं झाली, पण त्या दोघांना रोज सकाळी नुसतं समुद्राकडे बघत चहा पिताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. जहाज सुटायच्या आदल्या दिवशीच बंदराच्या गावी पोचा, त्याच दिवशीच्या विमानाच्या भरवशावर राहू नका. सामान पोर्टरकडे दिलं की ते खोलीत यायला संध्याकाळ होते, त्यामुळे औषधं, पासपोर्ट आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. विजेची किटली आणि छोटा राइस कुकर नेऊ नका, तपासणीत काढून घेतात. घरचं शिजवलेलंही चालत नाही. सीलबंद चिवडा, खाकरा बहुतेक जहाजांवर चालतो. शाकाहारी असाल तर पहिल्या रात्री जेवणाच्या हॉलमधल्या मुख्य वेटरला सांगा. आम्हाला तिसऱ्या दिवसापासून रोज डाळ, भाजी आणि पोळीसारखं काहीतरी मिळालं. खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हलणं कमी जाणवतं.

तिकिटाच्या आकड्यावर जाऊ नका. बंदराचे कर वेगळे, आणि टिप रोज माणशी साधारण 16 ते 20 डॉलर. 17 धरले तरी दोघांचे सात रात्रींचे 238 होतात.

एकच जागा अवघड गेली, ग्रँड केमन. तिथे मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. समुद्रात नांगर टाकतात आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. बोट वरखाली होत होती. आई दारात थांबली, तिचे ओठ कोरडे पडलेले मला दिसत होते. दोन खलाश्यांनी तिला दोन्ही दंडांना धरलं. त्यातला एक बोटीकडे नाही, लाटेकडे बघत होता. बोट वर आली त्या क्षणी म्हणाला, "आता." आई पलीकडे. व्हीलचेअर असेल तर अशा बंदरी उतरता येईलच असं नाही, बुकिंग करण्याआधी विचारा.

माझं मत स्पष्ट आहे. गुडघे, शुगर, बीपी असलेल्या आईवडिलांसाठी याहून चांगली सहल नाही.

पायवाट

शुभदा, आईची काळजी समजते. पण तुम्ही जहाजाची सहल केलीत, कॅरिबियनची नाही. हा फरक शब्दाचा नाही.

जहाज सकाळी आठला लागतं, दुपारी चार-पाचला निघतं. उतरल्यावर समोर येतात ती हिऱ्यांची, घड्याळांची, दारूची दुकानं, बेटागणिक तीच. काही जहाजं तर पूर्ण एक दिवस बहामातल्या, कंपनीच्याच खासगी बेटावर थांबतात. तिथे तुम्ही बहामाच्या माणसाशी बोलतही नाही, आणि तुमचा डॉलर जहाजाच्याच गल्ल्यात परत जातो.

आम्ही दोघं बार्बाडोसला आठ दिवस घर घेऊन राहिलो. शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्स नावाच्या मासेमारीच्या गावात चुली पेटतात. मार्लिन, माही-माही, उडणारे मासे भाजतात आणि आख्खं बेट तिथे जेवायला येतं. म्हातारी जोडपी जुन्या गाण्यांवर नाचतात. त्या बाकांवर बसलो तेव्हा मला मालवणची आठवण आली. तेव्हा क्रूझवाले कुठे असतात? पाच वाजता जहाजावर परत गेलेले असतात. बेटाची संध्याकाळ त्यांच्या वाट्याला येतच नाही.

आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात जवळचं बेट म्हणजे त्रिनिदाद, तिथे ही जहाजं फारशी जातही नाहीत. 30 मे 1845 ला गिरमिट्यांचं, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचं पहिलं जहाज तिथे लागलं, पुढे 1917 पर्यंत माणसं जात राहिली. आज तिथे नाक्यावर "डबल्स" मिळतात: "बारा" नावाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या आणि मध्ये चण्याची उसळ. हे सोडून कोझुमेलच्या धक्क्यावरून टी-शर्ट आणायचा?

मंदार_डॅलस

वाद तुमचा चालू द्या, मी एकच गोष्ट सांगतो, कारण आमचे 3,000 डॉलरच्या वर गेले.

मी एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. अमेरिकेत राहण्याची मुदत वाढली होती, कागद हातात होता, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला. ऑफिसात कुणीतरी सांगितलं की 30 दिवसांच्या आत परत आलात तर जुन्या शिक्क्यावर येता येतं. अर्धं खरं आहे. एच-1बी ला ती सवलत फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. कॅरिबियन बेटांसाठी ती एफ आणि जे, म्हणजे विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसावाल्यांना मिळते, आपल्याला नाही. आमच्या क्रूझमध्ये बहामा होतं. टर्मिनलवरच्या बाईंनी पासपोर्ट दोनदा चाळला आणि आम्हाला बाजूला उभं केलं. मुलाच्या गळ्यात पोहण्याचा चष्मा होता, तो त्याने घरी पोचेपर्यंत काढला नाही. कागदपत्रांमुळे अडवलं तर पैसे परत मिळत नाहीत.

आईवडिलांचा व्हिसा मल्टिपल एन्ट्री आहे ना, ते नीट बघा. आणि कुणी म्हणालं की क्रूझ करून आलं की सहा महिने नव्याने मिळतात, तर त्यावर विसंबू नका. बेटांवरच्या अशा छोट्या फेरीनंतर आय-94 वरची, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीवरची जुनीच तारीख सहसा कायम राहते.

मडगावकार

पायवाट, खासगी बेटाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. पण या जहाजांत आणखीही माणसं असतात, त्यांच्याबद्दल कुणी लिहिलं नाही.

माझा धाकटा भाऊ बारा वर्षं क्रूझवर आहे. आमच्याकडे गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. सासष्टीत दर दोन-चार घरांमागे एक तारवटी सापडेल. आधी भांडी घासायला होता, आता जेवणाच्या हॉलमध्ये वेटर आहे. एका वेळचं कंत्राट सात-आठ महिन्यांचं, त्यात एकही पूर्ण सुट्टीचा दिवस नाही. आंतरराष्ट्रीय नियम आहे की खलाश्याला 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात 77 तास विश्रांती मिळाली पाहिजे. उरलेले तास मोजा म्हणजे कळेल. जहाजावर झेंडा बहामाचा नाहीतर पनामाचा, म्हणजे अमेरिकेचे कामगार कायदे तिथे लागत नाहीत.

घर त्यानेच बांधलं, बहिणीचं लग्न त्याच पैशांत झालं. म्हणून जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण एक हात जोडून सांगतो. खात्यावर आपोआप चढणारी रोजची टिप काउंटरवर जाऊन काढून टाकायची युक्ती आपल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरते. कृपा करून तसं करू नका. तो कंपनीचा नफा नाही, खोली आवरणाऱ्याच्या आणि ताट वाढणाऱ्याच्या पगाराचाच तो भाग आहे. शुभदा, तुमच्या आईला तिसऱ्या दिवशी पोळीसारखं काही मिळालं, ते मेनूवर नव्हतं. कुणीतरी आत जाऊन शब्द टाकला असेल.

नीलिमा_ठाणे

माझं वय 69. मुलाने मला दोन वर्षांपूर्वी अशाच क्रूझला नेलं. त्याने मनापासून केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण शुभदा, तुमचं वाचून एक सांगावंसं वाटलं.

चार बंदरांपैकी तीन ठिकाणी मी जहाजावरच राहिले. "आई, तिथे ऊन आहे, चालायचं आहे, तू आराम कर." घरची बाकीची तिघं खाली उतरून जाताना मी वरून बघत होते. धक्क्यावर मुंगीएवढी दिसत होती. जेवण उत्तम होतं, खुर्ची उत्तम होती. पण सेंट लुशियाचे ते दोन उंच सुळके, पितों म्हणतात त्यांना, मी चित्रात किती वर्षं पाहत आले होते, आणि त्या बेटाच्या धक्क्याला सात तास बसून मी ते पाहिले नाहीत. टॅक्सीने जाता आलं असतं. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही.

तेव्हा क्रूझ चांगली का वाईट याआधी आईवडिलांना नकाशा दाखवून विचारा की तुम्हाला काय बघायचं आहे.

आणि विमा. मुलाने अमेरिकेपुरती पॉलिसी घेतली होती. मला जहाजावर ताप आला, तिथल्या दवाखान्याचं बिल थेट खोलीच्या खात्यावर चढलं आणि पॉलिसीने हात वर केले. जहाज, इतर देश आणि हेलिकॉप्टरने हलवायचा खर्च धरलेला आहे का, हे वाचूनच सही करा.

शुभदा_शार्लट

नीलिमाताई, तुमचं वाचून आईला फोन केला. रोआतानला आम्ही तिला जहाजावर ठेवलं होतं. "तिला नको होतं" असं मी सगळ्यांना सांगत आले. ती म्हणाली, "तू विचारलंस ते असं, की मी नाहीच म्हणावं." मला याचं वाईट वाटलंय.

तरी पायवाट, तुमचं सगळं मान्य नाही. आठ दिवस घर घ्यायचं, बाजार करायचा, अनोळखी गावात डावीकडून गाडी चालवायची आणि रात्री काही झालं तर डॉक्टर शोधायचा, हे तुम्ही दोघं करू शकता. माझ्या आईला रात्री दोनला धाप लागली असती तर? जहाजावर चार मजले खाली डॉक्टर होता. बिल आलं असतं, पण डॉक्टर होता.

मडगावकार, टिप आम्ही काढली नव्हती. भावाला नमस्कार सांगा.

पायवाट

डॉक्टरचा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. बाकी माझं म्हणणं तेच राहील. पण जाणारच असाल तर निदान एवढं करा. धक्क्यावरच्या दुकानांत थांबू नका, फाटकाबाहेर जा आणि स्थानिक टॅक्सीवाल्याशी आधी भाव ठरवून घ्या. जहाजाने विकलेली सहल लांबली तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही, म्हणून दीड-दोन तास हातात ठेवा. घड्याळ जहाजाचं पाळा. उन्हाळ्यात कोझुमेल फ्लोरिडाच्या एक तास मागे असतं आणि फोन गुपचूप वेळ बदलतो. बार्बाडोस, सेंट लुशिया, जमैका इथे लष्करी ठिपक्यांचे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनाही. सेंट थॉमसला ऑक्सिबेन्झोन असलेलं सनस्क्रीन चालत नाही, प्रवाळ मरतं. आणि जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम. त्यातही ऑगस्टमधलं आणि सप्टेंबरमधलं स्वस्त तिकीट स्वस्त का आहे ते समजून घ्या.

गल्ली_क्रिकेट

पायवाट म्हणतात बेट दिसत नाही. मला आठ तासांत दिसलं.

पोर्टो रिकोच्या सॅन हुआनहून सदर्न कॅरिबियन केली. तिथून निघालं की बेटं जवळजवळ असतात, त्यामुळे नुसते समुद्रात काढायचे दिवस कमी. बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनला उतरलो आणि मी वडिलांना घेऊन थेट केन्सिंग्टन ओव्हल या क्रिकेटच्या मैदानावर गेलो, बंदरापासून जवळच आहे. बाहेर वेस्ट इंडीजच्या सोबर्सचा पुतळा. वडील फाटकाशी उभे राहिले आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. 1971, इथेच सरदेसाईंनी 150 केले, गावसकर नाबाद 117. मडगावकार, तुमच्या मडगावचेच सरदेसाई. मग आवाज खाली आला: 1997, जिंकायला 120 हवे होते आणि आपण 81 त सर्वबाद. ती रात्र मला आठवते, ते रेडिओ बंद करून गॅलरीत जाऊन उभे राहिले होते. आणि 29 जून 2024 ला याच मैदानावर रोहितच्या हातात वर्ल्ड कप. फाटकाच्या गजांना धरून ते आत बघत होते, डोळे पुसत होते. शेजारी नारळपाणी विकणारा माणूस त्यांच्याशी सोबर्सबद्दल बोलायला लागला. अर्धा तास दोघं बोलत होते, वडिलांचं इंग्रजी तोडकंमोडकं, त्याचं बेटावरचं. नारळाचे पैसे त्याने घेतले नाहीत.

ऑइस्टिन्स नाही पाहिलं. ते राहिलं, खरं आहे.

शुभदा_शार्लट

बाबांना हे वाचून दाखवलं. सॅन हुआनची क्रूझ कोणत्या महिन्यात केलीत, आणि ओव्हलपर्यंत चढ आहे का? आई म्हणते, या वेळी तीही खाली उतरणार.

गल्ली_क्रिकेट

जानेवारीत. चढ नाही, सपाट रस्ता आहे, पण सावली कमी, त्यामुळे काकूंसाठी टॅक्सी करा. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, तेव्हा भाव कोणत्या डॉलरमध्ये आहे ते बसण्याआधी विचारा. सॅन हुआनला विमानाने एक दिवस आधी पोचा. आणि सकाळी लवकर उतरा, दहानंतर ऊन फार चढतं.