१४ महिन्यांच्या मुलीसाठी कार सीट: पाठमोरी, पुढे तोंड असलेली की पोटापुढे उशी असलेली?

अनघा_पुणे

नमस्कार. आमची मुलगी १४ महिन्यांची असून तिचे वजन साडेनऊ किलो आणि उंची ७६ सेंटिमीटर आहे. तान्हेपणी घेतलेली सीट आता तिला अपुरी पडते, म्हणून नवी घ्यायची आहे. आमची गाडी हॅचबॅक आहे आणि मागे दोन्ही खिडक्यांकडच्या जागांना आयसोफिक्सचे, म्हणजे बाळाची सीट थेट गाडीला अडकवण्याचे, हूक आहेत. महिन्यातून एकदा ताम्हिणी घाटातून माणगावला सासरी जाणे होते.

दुकानात तीन प्रकार दाखवले. पहिली सीट पाठमोरी (बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला) आणि पुढे तोंड करून अशा दोन्ही तऱ्हांनी लावता येते, आणि १८ किलोपर्यंत पाठमोरी ठेवता येते. दुसरीत मूल पुढे तोंड करून बसते, पण खांद्यावर पट्टे नसून पोटापुढे जाड आडवी उशी अडकवतात. तिसरी ९ ते ३६ किलोंसाठी, म्हणजे बारा वर्षांपर्यंत एकच, आणि दुकानदाराच्या मते तीच सर्वांत फायद्याची. सासूबाईंना वाटते की पाठमोरी बसवले तर बाळाचे पाय अवघडतील, तर मामंजी म्हणतात की मांडीवर घट्ट धरले म्हणजे पुरे. मला किमतीपेक्षा या रचनांच्या सुरक्षिततेतला फरक समजून घ्यायचा आहे.

घणऐरण

मी वाहनांच्या सुट्या भागांच्या चाचण्यांशी संबंधित काम करतो, त्यामुळे आधी मांडीचा मुद्दा घेतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असे धरले, तर साडेनऊ किलोंचे बाळ सुमारे १३० किलोंचा जोर लावून पुढे फेकले जाते. तो जोर हातांनी थोपवणे कोणत्याही माणसाला शक्य नाही, आणि मांडीवर धरणाऱ्याने स्वतः पट्टा लावलेला नसेल तर त्याचेच वजन बाळावर येते. मामंजींची माया खरी आहे, पण हा हिशेब त्यांना शांतपणे समजावून सांगावा.

आता रचनांकडे वळू. समोरून धडक बसते तेव्हा पाठमोऱ्या सीटचे कवच बाळाची पाठ, मान आणि डोके एकाच वेळी तोलून धरते, म्हणून जोर संपूर्ण पाठीवर पसरतो. पुढे तोंड असलेल्या सीटमध्ये पाच टोकांचे पट्टे खांदे आणि कंबर रोखून धरतात, पण डोके मोकळे असते आणि ते मानेला ओढत पुढे जाते. उशीच्या रचनेत पट्टे नसल्याने बाळ उशीवर वाकते व मानेवरचा ताण काहीसा कमी होऊ शकतो. मात्र तो भार छाती आणि पोटावर जातो, आणि गाडी उलटली तर अंगकाठीने बारीक असलेले मूल उशी आणि सीटची पाठ यांच्यामधून निसटण्याची भीती राहते. तुमचा रस्ता घाटाचा आहे, म्हणून हा शेवटचा मुद्दा मी फार गांभीर्याने घेईन.

युरोपात वापरला जाणारा आर१२९ हा नियम २०१३ साली लागू झाला. त्यानुसार १५ महिने पूर्ण होईपर्यंत मुलाला पुढे तोंड करून बसवता येत नाही, आणि आधीच्या आर४४ नियमात नसलेली बाजूच्या धडकेची चाचणीही त्यात आहे. सीटवरच्या केशरी लेबलवर यांपैकी कोणता क्रमांक आहे, किंवा भारतीय मानक एआयएस-०७२ चा उल्लेख आहे का, ते दुकानातच वाचून घ्यावे.

उत्तरायण (गोथेनबर्ग)

आम्ही स्वीडनमध्ये राहतो आणि इथे चार वर्षांपर्यंतची मुले पाठमोरीच बसलेली दिसतात. १९६० च्या दशकात इथल्या चाल्मर्स विद्यापीठातील प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांनी अंतराळवीरांच्या आसनांवरून ही कल्पना घेतली होती. मानेवर येणारा ताण मोजणारी ‘प्लस’ नावाची ऐच्छिक चाचणी इथे घेतली जाते, आणि तिच्यात आजवर पाठमोऱ्या सीटच उत्तीर्ण झालेल्या आहेत. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. तो मांडी घालून किंवा मागच्या बाकाच्या पाठीला पाय टेकवून मजेत बसतो, आणि पायांची तक्रार त्याने कधीच केलेली नाही.

बालरोग_सातारा

पायांबद्दल सासूबाईंना निर्धास्त करावे. या वयात सांधे लवचीक असतात आणि पाय दुमडून बसणे मुलांना सहज जमते. चिंता करायची ती मानेची. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने फार जड असते, मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात आणि त्यांना बांधणारे स्नायुबंध सैल असतात. धडकेत हे स्नायुबंध ताणले जातात, पण आतला मज्जारज्जू तेवढा ताण सहन करू शकत नाही. मोडलेले हाड बहुधा जुळते. मज्जारज्जूची इजा भरून येत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली वयाची अट काढून टाकली आणि सीटच्या उंचीची व वजनाची मर्यादा संपेपर्यंत मूल पाठमोरेच ठेवावे असा सल्ला दिला.

घणऐरण

एक गोष्ट राहिली. तिसऱ्या प्रकारच्या सीटमध्ये मूल मोठे झाल्यावर गाडीचाच पट्टा वापरून त्याला बसवायचे असते आणि त्या वेळी सीट केवळ बूस्टरचे, म्हणजे मुलाला उंच बसवणाऱ्या बैठकीचे, काम करते. तो पट्टा खांद्याच्या मधून आणि मांड्यांच्या वर, ओटीच्या हाडावरून जायला हवा. पोटावर चढला तर आतल्या अवयवांना इजा होते. म्हणजे ती सीट मोठ्या मुलासाठी चांगली असेल, पण आज तुमच्या मुलीसाठी नाही.

आयसोफिक्सने सीट मुळात अधिक सुरक्षित होते असे नाही. ती चुकीची बसण्याची शक्यता कमी होते, हा त्याचा खरा फायदा आहे. पट्ट्याने नीट आवळलेली सीटही चांगलीच असते. पट्टा किंवा हूक जिथे जोडला आहे तिथे धरून हलवल्यावर ती अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकू नये. सीटला फरशीवर टेकणारा आधाराचा पाय असेल तर तो गाडीच्या फरशीतल्या खणाच्या झाकणावर टेकवू नये. पाठमोऱ्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यावेत, आणि खांद्यावर पट्ट्याची घडी चिमटीत येत नसेल इतके ते घट्ट असावेत. एअरबॅग चालू असताना पाठमोरी सीट पुढच्या जागेवर कधीही लावू नये.

अनघा_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. काल पहिली सीट आमच्या गाडीत लावून पाहिली. चालकाच्या मागे ती बसत नव्हती, पण डावीकडे पुढची सीट थोडी पुढे घेतल्यावर व्यवस्थित बसली. मामंजींना १३० किलोंचा हिशेब सांगितला, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते; नंतर त्यांनी स्वतःच सीट हलवून पाहिली आणि ती कितपत सरकते ते मोजले. यापुढे माणगावला जाताना सासूबाई मागे तिच्याशेजारी, स्वतःचा पट्टा लावून बसणार आहेत.